‘दोन ओळी होऊन जाऊ देत’ हा आग्रह आता पुरे

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

चतुर्थी तोंडावर आली की गोव्यातल्या वाहिन्यांवर विशेष मुलाखतींचा हंगाम सुरू होतो. चतुर्थीमागून दिवाळी, दिवाळीमागून इफ्फी (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव), मग जत्रा, मग शिमगो. पाहुण्यांना तोटा नसतो. नट येतात, नट्या येतात, गायक-वादक येतात. सूत्रसंचालक गोड हसतो, पाहुणा आठवणी सांगतो आणि पहिल्या ब्रेकच्या आत ते वाक्य येतंच: ‘आता दोन ओळी तर व्हायलाच हव्यात!’ गायक सोफ्यावर रेललेला, छातीला कॉलर माईक, जवळ ना तंबोरा ना पेटी. तो आढेवेढे घेतो, समोर बसवलेले लोक टाळ्या वाजवतात आणि शेवटी तो गातो. पुढचे तीस-चाळीस सेकंद जे प्रक्षेपित होतं त्यावरून त्या गायकाची परीक्षा करणं अन्यायाचं आहे. पण लोक करतात, कारण तेवढाच तुकडा मोबाईलवर फिरतो.

आम्ही साथसंगत करणारे आणि ध्वनीच्या टेबलापाशी बसणारे काहीजण मिळून हे लिहीत आहोत. कुठल्या एका वाहिनीवर रोख नाही. थोड्याफार फरकाने सगळीकडे हेच चालतं. आणि यातल्या बहुतेक चुका पैशाअभावी होत नाहीत, आदल्या दिवशी एक फोन न केल्यामुळे होतात.

आधी त्या दोन ओळींचंच बघू. कॉलर माईक हनुवटीच्या खाली वीतभर अंतरावर लागतो. त्याला छातीतला घुमारा भरपूर मिळतो आणि तोंडातून समोर जाणारी स्वराची धार कमी मिळते. बोलण्याला हे चालतं. गाण्यात मात्र आवाज गोधडीखालून आल्यासारखा होतो. बायकांच्या बाबतीत मंगळसूत्र किंवा जरीचा पदर माईकवर घासतो. बोलताना ती खरखर फारशी कळत नाही, पण आलापाच्या वेळी गायिका मान वळवते, हात उचलते आणि प्रत्येक हरकतीबरोबर ‘खर्र’ ऐकू येतं. बरं, हा माईक लावलेला असतो बोलण्याच्या पातळीला. मीटरभर अंतरावर माणूस साधं बोलतो ते साधारण ६० डेसिबल. तार षड्ज (वरचा सा) लागला की तोच आवाज ८५-९० च्या घरात जातो. मग कॉम्प्रेसर आणि लिमिटर, म्हणजे मोठा आवाज आपोआप दाबणाऱ्या सोयी, आपलं काम करतात. वरचा सूर दाबला जातो आणि दोन सुरांमधला श्वास मात्र मोठा ऐकू येतो. मुलाखतीच्या चॅनेलवर गेट लावलेलं असेल, म्हणजे बोलणं थांबलं की माईक आपोआप बंद होण्याची सोय, तर मींडेचं, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणाऱ्या स्वराचं, शेपूटच कापलं जातं. सूर हळूहळू विरत नाही, तुटतो.

यात हल्ली एक नवी भर पडली आहे: आवाज ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर. एसीची घरघर, पंखा, जनरेटर असा एकसारखा चालणारा आवाज शोधून तो पुसून टाकणं हे त्याचं काम. तंबोऱ्याचा नाद हाही त्याच्या लेखी एकसारखा चालणारा आवाजच! मुलाखतीला लावलेली ही सोय गाण्याच्या वेळी बंद केली नाही तर तंबोरा गायब होतो किंवा पाण्याखालून आल्यासारखा हेलकावत राहतो. संकलकाला दोष कळतो, पण कारण सापडत नाही. मग तो तंबोऱ्याचाच आवाज वाढवतो आणि सॉफ्टवेअर तो आणखी जोरात पुसतं.

आता सुराबद्दल. बोलता बोलता गायक जो षड्ज धरतो तो त्याच्या पट्टीचा, म्हणजे गाण्यासाठी ठरवलेल्या मूळ सुराचा, असेलच असं नाही. अर्ध्या-पाऊण स्वराने चढा लागला तर अंतऱ्यात आवाज चिरतो. उतरला तर मंद्रातले स्वर लागतच नाहीत. दोन पट्ट्यांच्या मधोमध कुठेतरी तो उभा असतो. अशा वेळी मागे पेटीवाला बसलेला असेल तर त्याची पंचाईत आणखी वेगळी. पेटीचे सूर पक्के. पेटीच्या पट्ट्यांवरूनच सुरांना नावं; काळी एक आणि तिच्या लगतची पांढरी दोन यांच्या मधला सूर पेटीत नाहीच. तो हात आखडून बसतो आणि प्रेक्षकांना वाटतं, याला काही येत नाही.

उपाय अगदी साधा आहे. पाहुण्याची पट्टी आदल्या दिवशी विचारून ठेवायची. इलेक्ट्रॉनिक तंबोरा त्या पट्टीला लावून त्याची तार थेट मिक्सरला द्यायची. स्पीकरवर वाजवून तो माईकने पकडायचा नाही. मोबाईलवरचा तंबोरा असेल तर मोबाईल एअरप्लेन मोडवर, नाहीतर ऐन आलापात फोनची रिंग मिक्सरमध्ये जाते. गाण्याची फर्माईश होण्याआधी मिनिटभर सोफ्यामागच्या छोट्या स्पीकरवर पाहुण्यापुरता तंबोरा ऐकू येऊ द्यावा. आणि गाण्यासाठी हातात धरायचा वेगळा माईक, वेगळ्या चॅनेलवर, गेट न लावलेला. साध्या डायनॅमिक माईकने काम भागतं. १९६६ पासून जगभर वापरात असलेला शुअरचा एसएम ५८ आपल्याकडच्या प्रत्येक ध्वनिवाल्याकडे असतोच. तोंडापासून १५-२० सेंटिमीटर दूर धरला की पुरे. ओठांना चिकटवला तर खर्ज फुगतो. हा माईक उघडला की कॉलर माईकचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पूर्ण खाली आणायचा. दोन्ही उघडे राहिले तर एकच आवाज दोन अंतरांवरून येतो आणि पोकळ ऐकू येतो. ही सगळी तयारी दहा मिनिटांची.

‘वेळ नाही’ हे निर्मात्यांचं ठरलेलं उत्तर. हिशेब मांडून बघू. केबल टीव्हीच्या नियमांप्रमाणे तासाला जाहिराती १२ मिनिटांपेक्षा जास्त नकोत. म्हणजे ४८ मिनिटं उरतात. त्यात चार-चार मिनिटांची तीन पूर्ण पदं बसवली तरी बोलायला ३६ मिनिटं राहतात, आणि ज्यांनी अशा मुलाखती पाहिल्या आहेत त्यांना ३६ मिनिटं कमी वाटणार नाहीत. चार मिनिटांत काय होणार, असं म्हणणाऱ्यांनी ७८ गतीच्या तबकड्या आठवाव्यात. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन मिनिटांच्या आसपास मावायचं आणि तेवढ्यात नाट्यपद मुखड्यापासून तानेपर्यंत पूर्ण व्हायचं. आपल्या फोंडा तालुक्यातल्या केरीच्या केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, ती साडेतीन मिनिटांची आहे. नुसता मुखडा गाऊन घ्यायचा आणि लगेच ‘वा वा, काय सुंदर!’ म्हणत पुढच्या प्रश्नाकडे वळायचं, यात वेळेची अडचण नाही, सवयीची आहे.

साथीदारांना बोलावतात तेव्हाही फोनवर एवढंच सांगतात: ‘तबला घेऊन या.’ कुठला? काळी एकला गाणाऱ्या बुवांसाठी साधारण साडेपाच इंच तोंडाचा तबला लागतो. काळी चारला गाणाऱ्या बाईंसाठी सहा-सव्वासहा इंचाचा ढाल्या, म्हणजे रुंद तोंडाचा, खालच्या सुराचा तबला हवा. तो नसेल तर काळी एकचाच तबला चालवून घेतात, कारण काळी चारच्या षड्जाला काळी एक हा शुद्ध मध्यम होतो. पण बाई भूप गाणार असतील, तर ज्या स्वराला रागात जागाच नाही तो स्वर तबला प्रत्येक ‘ना’ला वाजवत बसणार. म्हणून नुसती पट्टी विचारूनही भागत नाही. काय गाणार तेही विचारावं लागतं. एक फोन, दोन प्रश्न.

पावसाळ्यात यावर हवेची भर. श्रावणात पणजीत बाहेर दमटपणा ८५-९० टक्के, स्टुडिओत एसीमुळे त्याच्या कितीतरी खाली. पुडीचं, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं, कातडं दमट हवेत सैलावतं, कोरड्या हवेत ताणतं. बाहेर सुरात मिळवून आणलेला तबला आत आल्यावर अर्ध्या तासात चढतो, दिवे लागले की आणखी थोडा. पेटी मात्र आहे तिथेच. तबलजीला तासभर आधी बोलावून, खोळ काढून तबला स्टुडिओच्या हवेत ठेवू द्यावा. एसीच्या झोताखाली मात्र नको, तिथे पुडी एका बाजूने जास्त ताणते आणि मग घरांघरांतून, म्हणजे पुडीच्या काठाच्या वेगवेगळ्या भागांतून, वेगवेगळा सूर निघतो. दिवे लागून पंधरा-वीस मिनिटं झाली की शेवटचं मिळवणं. आणि मुलाखत मध्येच लांबली तर? सूत्रसंचालक बोलत असताना गजऱ्यावर (पुडीच्या काठच्या वेणीवर) हातोडी मारता येत नाही, हे उघड आहे. तेव्हा गाण्याच्या आधी दोन मिनिटं चित्रीकरण थांबवावं. थेट प्रक्षेपण असेल तर जाहिराती तिथे घ्याव्यात. तबला उतरलेला आणि त्यात वादकाने गाणं चालू असतानाच अंगठ्याने गजरा दाबत सूर सांभाळायचा, हे दृश्य पडद्यावर दिसतं पण कशासाठी चाललंय ते कोणाला कळत नाही.

स्टुडिओचा एसी १८ अंशांवर ठेवायची पद्धत जुन्या, तापणाऱ्या दिव्यांच्या काळातली. एलईडी दिवे आल्यापासून तिची गरज उरलेली नाही. २४ अंश पुरे. गायकाचा गळाही वाचतो आणि तंबोऱ्याच्या तारा सारख्या मिळवाव्या लागत नाहीत.

नाट्यसंगीताचा पाहुणा असला की कुणाला तरी ऑर्गन आठवतो. सेटवर ऑर्गन शोभून दिसतो यात शंका नाही. पण जुने विलायती ऑर्गन आजच्या ४४० हर्ट्झच्या पट्टीला असतीलच असं नाही. ४३५ ला लावलेला ऑर्गन आणि ४४० चा कीबोर्ड एकत्र वाजले तर २० सेंटचं अंतर पडतं, म्हणजे अर्ध्या स्वराचा पाचवा हिस्सा. कान किटतात. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये ट्यूनिंग तेवढं उतरवता येतं, दोन बटणं दाबायची; पण आधी ऑर्गनचा सूर मोजायला हवा. शिवाय ऑर्गन पायाने चालतो. माईक खाली लावला की पायट्यांची खटखट सुरांपेक्षा स्पष्ट येते. माईक वरून, पट्ट्यांच्या मागच्या बाजूला. पेटीलाही तेच: माईक भात्याच्या झोतात नको, सुरांच्या बाजूला, वरच्या झाकणापासून वीत-दीड वीत अंतरावर. तबला-डग्ग्याला दोन माईक लावायचे तर माईक आपापल्या पुडीपासून जितके दूर, त्याच्या किमान तिप्पट अंतर दोन माईकांमध्ये असावं. तेवढी जागा नसेल तर दोघांच्या मधोमध, फूटभर उंचीवर, एकच माईक बरा. हे सगळं एकदा मोनोमध्ये, म्हणजे सगळा आवाज एकत्र करून एकाच स्पीकरवर, ऐकून बघावं. घरोघरच्या मोबाईलवर ते बहुधा तसंच ऐकलं जाणार असतं, आणि स्टीरिओत भरदार वाटलेला डग्गा मोनोत नाहीसा झाल्याचं तिथेच कळतं.

घुमटाबद्दल जरा सविस्तर लिहिणं भाग आहे, कारण हे वाद्य आपलं, २०१९ साली राज्य सरकारने त्याला वारसा वाद्य म्हणून जाहीर केलेलं, आणि तरीही चतुर्थीच्या कार्यक्रमांत सगळ्यात वाईट ऐकू येतं तेच. घुमट म्हणजे मातीचं भांडं, दोन तोंडांचं. मोठ्या तोंडावर कातडं, पूर्वी घोरपडीचं, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचं. दुसरं तोंड लहान आणि उघडं. वादक एका हाताने कातड्यावर वाजवतो आणि दुसऱ्या हाताचा तळवा लहान तोंडावर उघडमीट करतो. घुमटाचा जो ‘घूम’ आहे, तो हलणारा, बोलणारा खर्ज, तो या लहान तोंडातून येतो. आणि आमच्या सेटवर माईक कुठे? कातड्यासमोर. कारण ध्वनिवाल्याला डग्गा-ढोलकी माहीत असते, त्यामुळे जिथे थाप तिथे माईक. परिणामी पडद्यावर घुमट दिसतो आणि कानावर खोक्यावर मारल्यासारखी टकटक येते. एका वादकामागे एक माईक लहान तोंडाच्या बाजूला द्यावा, १५-२० सेंटिमीटरवर, पण अगदी समोर नको. तोंडातून हवेचा धक्का बाहेर पडतो आणि माईक ‘भप्प’ करतो. थोडा तिरका, तळव्याच्या वाटेत न येणारा. कातड्याची धार गायकांच्या माईकमधूनच पुरेशी मिळते.

आरतीचा पूर्ण संच असला, आठ-दहा घुमट, एक शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य) आणि कासाळे (मोठ्या झांजा), तर प्रत्येकाला माईक द्यायचा अट्टहास नको. घुमटांच्या ओळीसमोर दोन, गायकांना दोन, बस. शामेळ काठ्यांवर वाजतं, त्याचा आवाज आपसूक सगळीकडे पोचतो. कासाळेवाल्यांना शेवटच्या रांगेत, गायकांच्या माईकपासून निदान दोन-अडीच मीटर मागे उभं करायचं. पुढे उभे केले की बाकी काही ऐकू येत नाही. दिग्दर्शकांना ते चकचकीत दिसतात म्हणून पुढे हवे असतात. त्यांनी क्लोजअप वेगळा घ्यावा. माटोळीचंही, म्हणजे गणपतीवर टांगतात त्या फळापानांच्या मांडवीचंही, असंच. सेटवर माटोळी बांधतात, छान दिसते, पण ती गायकांच्या डोक्यावर आणि एसीचा झोत तिच्यावर. दुपारपर्यंत पानं सुकतात आणि सळसळ सुरू होते. वर टांगलेल्या माईकला गाण्याइतकीच माटोळी ऐकू येते.

या सगळ्या कटकटीवर काही निर्मात्यांनी काढलेला तोडगा म्हणजे प्लेबॅक. आधी मुद्रित केलेलं गाणं लावायचं, पाहुण्याने ओठ हलवायचे. सिनेमातल्या गाण्याला हे चालून जातं. मुलाखतीत, जिथे माणूस एका मिनिटापूर्वी त्याच माईकवर बोलत होता, तिथे सोंग लगेच उघडं पडतं. तरीही करायचंच असेल तर नीट करा. आपल्याकडे सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. आवाज चित्राच्या एक-दोन फ्रेम मागे राहिला तर डोळा सांभाळून घेतो. तेवढाच पुढे गेला तर सामान्य माणसालाही खटकतं. आणि सेटवर गाणं ऐकवायला ब्लूटूथ स्पीकर कधीही वापरू नये. ब्लूटूथ आवाजाला शे-दोनशे मिलिसेकंद उशीर करतो. गायक बरोबर त्याच्यावर ओठ हलवतो, आणि संकलनात मूळ ध्वनिफीत जोडली की तो तीन ते पाच फ्रेम मागे पडलेला दिसतो. मग ‘बाईंना जमलं नाही’ अशी कुजबुज. तारेने जोडलेला स्पीकर वापरला की प्रश्न मिटतो.

कॅमेरे बदलणाऱ्याला ताल कळावा ही अपेक्षा फार नाही. निदान सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कुठे ते सांगायला एखादा जाणकार कंट्रोल रूममध्ये बसवावा. तबल्याची तिहाई चालू असताना पडद्यावर प्रेक्षकांतली बाई आणि सम पडल्यानंतर तबलजी, हे नेहमीचं. संकलनात गाणं कापायचंच झालं तर पूर्ण आवर्तनं, म्हणजे तालाचे पूर्ण फेरे, कापावीत. केरव्याच्या आठ मात्रा, मिनिटाला १२० च्या लयीत, बरोबर चार सेकंदांच्या. तर चार, आठ, बारा सेकंद कापा. पाच सेकंद कापले की तालाचा पाय मोडतो, आणि मोडलेला पाय तबला न शिकलेल्यालाही कळतो.

मुलाखत घेणाऱ्याबद्दलही थोडं. गायकाला दिवंगत गुरूंची आठवण काढायला लावायची, त्याचे डोळे भरले की कॅमेरा जवळ न्यायचा, पार्श्वभूमीला बासरी सोडायची आणि मग म्हणायचं, ‘त्यांचंच एखादं पद होऊन जाऊ दे.’ रडू आलेल्या माणसाचा घसा भरलेला असतो, श्वास आखूड होतो. त्या अवस्थेत कुणीही नीट गाऊ शकत नाही. चित्रीकरणाचा क्रम आणि प्रक्षेपणाचा क्रम एकच असला पाहिजे असं थोडंच आहे? गाणी आधी मुद्रित करा, आवाज ताजा असताना, आठवणी नंतर. फक्त कपडे आणि समईतल्या वातींची लांबी जुळते का एवढं बघावं लागतं. मोपा किंवा दाबोळीला विमानातून उतरलेल्या पाहुण्याला तिथूनच थेट स्टुडिओत आणून गायला बसवणंही टाळावं. विमानातली हवा कोरडी असते, घशाला दोन-तीन तास तरी हवेत. तोपर्यंत कोमट पाणी द्या. फ्रिजमधल्या सोलकढीचं कौतुक गाणं झाल्यावर.

प्रश्नांची गोष्टही तीच. ‘संगीत म्हणजे तुमच्यासाठी काय?’ या प्रश्नाला आजवर कुणी वेगळं उत्तर दिलेलं आठवत नाही. त्यापेक्षा विचारा: हे पद तुम्ही मूळ चालीपेक्षा संथ का घेता? अंतरा दोनदा का म्हणता? पट्टी कधी बदलली? गायक खुलतो, आणि उत्तर देताना आपसूक गाऊन दाखवतो. तेव्हा घेतलेल्या दोन ओळींना अर्थ असतो.

अमेरिकेत रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमांत संगीताच्या पाहुण्याची जागा वेगळी राखलेली असते. ‘द टुनाइट शो’ १९५४ पासून चालू आहे. तिथे नट सोफ्यावर येऊन गप्पा मारतो आणि गायक किंवा बँड बहुधा शेवटी, वेगळ्या मंचावर, एक पूर्ण गाणं सादर करतो. त्याची ध्वनिचाचणी आणि कॅमेऱ्यांची तालीम चित्रीकरणाआधी होऊन गेलेली असते. शिवाय कार्यक्रमाचा स्वतःचा वाद्यवृंद. २०१४ पासून तिथे ‘द रूट्स’ वाजवतात. आपल्याला एवढा मोठा खर्च परवडणार नाही, कबूल. पण पेटी, तबला आणि कीबोर्ड असे तीन कायमचे वादक का परवडू नयेत? एका दिवसात दोन भाग चित्रित होतात. हे तिघे सूर देतील, नटाने हौसेने गायलेल्या गाण्यालाही सांभाळून घेतील, ब्रेकला जाताना वाजवायला विकतचं संगीतही लागणार नाही. गोव्यात वादकांची वानवा नाही. कला अकादमीच्या भजन स्पर्धांना गावोगावची पथकं उतरतात, वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन थांबत नाही. तिथे पेटी-तबल्यावर बसणारी तरुण मुलं कुठल्याही पट्टीत वाजवतात.

शेवटी नावांचा आणि कागदांचा विषय. स्टुडिओच्या दारातच एक कागद पुढे येतो, ‘इथे सही करा’. बहुतेकजण वाचत नाहीत. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर सादरकर्त्याचे हक्क स्पष्ट झाले आहेत. आपल्या सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं टिकतो आणि कलम ३८ बी प्रमाणे सादरकर्ता म्हणून आपली ओळख दिली जावी असं म्हणण्याचा अधिकार त्याला आहे. तबलजी हाही सादरकर्ताच. कागदावर एकदाच प्रक्षेपणाची परवानगी आहे की यूट्यूब आणि जाहिरातींसकट सगळ्याची, एवढं तरी बघून सही करावी. मानधनाचा आकडा त्याच कागदावर असावा. चित्रीकरण रात्री अकराला संपणार असेल तर काणकोण, सत्तरीच्या वादकाला घरी सोडायची गाडीही त्यात लिहून घ्यावी. त्या वेळी बस मिळत नाही.

पदांच्या बाबतीत वाहिन्यांचा गैरसमज असा की नाट्यपद म्हणजे जुनं, म्हणजे सगळ्यांचं. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ मध्ये गेले, देवल १९१६ मध्ये. त्यांची पदं मोकळी आहेत. पण मंगेशीचे पं. जितेंद्र अभिषेकी १९९८ मध्ये गेले. त्यांच्या चालींवरचा हक्क २०५८ अखेरपर्यंत आहे. म्हणून प्रत्येक भागाबरोबर पदाचे बोल, गीतकार, संगीतकार, गायक आणि सेकंदांत लांबी असा तक्ता भरून ठेवावा आणि परवाना त्याप्रमाणे घ्यावा. तो भरला जात नाही, मग यूट्यूबवर दावा लागतो आणि नेमका गाण्याचाच भाग मूक होतो.

आणि नावं. आकाशवाणीवर पणजी केंद्र असो की मुंबई, निवेदक गायकाइतक्याच स्पष्टपणे सांगतो: संवादिनीवर अमुक, तबल्यावर तमुक. ही शिस्त दूरचित्रवाणीवर उतरताना कुठे गळाली कळत नाही. कार्यक्रमाच्या अखेरीस पळणाऱ्या पट्टीवर, प्रायोजक आणि रंगभूषेच्या मध्ये, ‘साथसंगत’ म्हणून चार नावं निसटतात. ती वाचायला चित्र थांबवावं लागतं. कित्येकदा आडनाव चुकलेलं असतं, कारण कुणी विचारलेलंच नसतं. पहिला मुखडा संपून वाद्यांचा तुकडा सुरू होतो तेव्हा कॅमेरा तसाही वादकांवर येतो. तिथेच, ज्याचे हात दिसत आहेत त्याचं नाव, सहा सेकंद, वाचता येईल अशा अक्षरांत द्यावं, आणि चित्रीकरणाआधी ते त्याच्याकडूनच लिहून घ्यावं.

आपले,
गोव्यातील काही साथीदार व ध्वनितंत्रज्ञ
फोंडा